लिहून देणार, लिहून घेणार

"कशासाठी?" महादेवप्पानं विचारलं. मान रजिस्टरावरच होती, हात लिहायच्या तयारीत. दिवसातून शंभरदा विचारायचा प्रश्न तो, त्यात कुणाच्या काळजात डोकावायचा हेतू नव्हता. स्टँप कुणी घेतला, कुठल्या गावचा, कशासाठी घेतला हे कागदाच्या पाठीवर लिहावंच लागतं. चांगुणाला हे माहीत नव्हतं असं कसं म्हणावं? कचेरीत टायपिस्ट होऊन तिला तीन वर्षं झाली होती, असे कागद पाठपोट बघण्यातच तिचा दिवस जायचा. तरी कालपासून तिनं मनाशी सगळं घोकलं होतं, फक्त हे एक उत्तर घोकायचं राहिलं होतं. मागं औशाकडचे दोघं उभे होते, एकाचा घामट खांदा तिच्या पर्सला लागत होता, आणि त्यांच्यादेखत 'लग्न' म्हणायचं तिला जमलं नाही. तोंडातून निघून गेलं, "घरभाड्याच्या करारासाठी." महादेवप्पानं तेच लिहिलं. अक्षर मोठं वळणदार होतं. "सही करा, टायपिस्टबाई." तिनं केली. वैशाखातल्या त्या झळांनी शाई डोळ्यादेखत वाळली, आणि आपल्याच नावाखाली आपलंच खोटं पक्कं झालेलं बघत ती लिंबाखाली जाऊन उभी राहिली.

गर्दी हटल्यावर ती परत गेली. महादेवप्पा स्टँप विकायचा तसे अर्जही लिहून द्यायचा, त्याच्या लाकडी पेटीत हरेक मजकुराचे नमुने असत. "अप्पा, एक विचारू? लग्नाच्या आधी नवरानवरीनं आपसात करार करायचा असला तर त्याचा नमुना असतो का?" महादेवप्पानं चष्मा कपाळावर चढवला. "फारकतीचा हाय. वाटणीचा हाय. दत्तकाचा हाय. लगीन मोडायचे चार नमुने हायेत बाई, लगीन लागायच्या आधीचा एकबी न्हाई. कुणाला पायजे?" "मैत्रिणीला." "तुमच्या मैत्रिणीला सांगा, इश्वास असंल तर कागद कशाला, अन् नसंल तर लगीन कशाला?" मग तिचा चेहरा बघून तो जरा निवला. "लिहायचंच असंल तर लिवा. कोर्टात काय टिकायचं न्हाई ते. पर आमच्या गल्लीत एक बाई होती, नवऱ्याला सोळा वर्षं नुसता कोरा स्टँप दाखवून भेव घालून राहिली. त्याला वाचता येत नव्हतं." आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन तो पान लावू लागला. चांगुणा हसली. हसताना तिला वाटलं, देविदासला वाचता येतं.

मधल्या सुट्टीत कचेरी ओस पडायची. जिल्हा नवा झाला तरी इमारत जुनीच होती. उस्मानाबादेहून आलेले दप्तरांचे गठ्ठे अजून कापडात बांधलेले व्हरांड्यात पडून होते, आणि कुठलाही कागद काढला की 'उस्मानाबाद' खोडून वर 'लातूर' टाईप करायचं हे तिचं रोजचं काम. तिचा नवरा किशन गेला तेव्हा तो तिकडच्या कचेरीत शिपाई होता. त्याच्या जागी तिला घेतलं, इकडं पाठवलं; तेव्हा गोतमी वर्षाची होती. आता चांगुणाच्या डाव्या हाताला टंचाईच्या याद्यांचा ढीग होता, गाव, लोकसंख्या, विहिरी, त्यातल्या आटलेल्या, टँकरच्या खेपा. दुपारनंतर त्या साहेबांपुढं जायच्या होत्या. तिनं त्या बाजूला सारल्या, स्टँप मशीनला लावला, आणि इकडंतिकडं बघून अक्षर दाबलं. रिकाम्या खोलीत तो आवाज केवढा तरी मोठा झाला. करारनामा. लिहून देणार, देविदास, वय वर्षे तेहतीस, धंदा रेल्वेत सांधेवाला, राहणार मुदखेड. लिहून घेणार, चांगुणा, वय वर्षे सव्वीस, धंदा नोकरी, राहणार लातूर. इथवर बोटं आपली आपण चालली, गाडीच्या बैलांना घरची वाट असावी तशी. कारणे करारनामा लिहून देतो की, मी राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणत्याही नशापाण्याच्या अमलाखाली नसताना, असे लिहून देतो की. दोनदा 'की' पडला. आणि त्या 'की'पाशी बोटं थांबली.

की काय? सांगायचं म्हटलं तर गोष्ट बोटभर होती. पंधरवड्यापूर्वी मुदखेडला बोलणी झाली. देविदास बीजवर, मूलबाळ नसलेला, माणूस शांत. विहारात साध्या पद्धतीनं लग्न लावायचं, हुंडा न्हाई, मानपान न्हाई, तिनं बदली नांदेडला मागायची आणि पॅसेंजरनं जायचं यायचं, सगळं कसं सरळ ठरलं. त्याची आई नागाबाई चांगली बाई होती. वाईट असती तर बरं झालं असतं, माणूस सावध तरी राहतो. तिनं गोतमीला मांडीवर घेतलं, तिच्या हातात शेंगदाण्याचा लाडू दिला, तिच्या विंचरलेल्या केसांवरून पुन्हा एकदा हात फिरवला आणि त्या केसांवरूनच चांगुणाच्या आईला म्हणाली, "लेकरू वरीसभर आजीपाशी ऱ्हाईल की. यांचं घर बसूस्तोर. मग आणता यील." चांगुणाच्या आईनं, सगुणाबाईनं, पदर सारखा केला. देविदास दाराबाहेर बघत होता. बाहेर रुळावर मालगाडीचे डबे एकमेकांना आपटत होते आणि तो जणू डबे मोजत होता. लाडू खाता खाता गोतमीनं सगळ्यांकडं आळीपाळीनं बघितलं, आपल्याबद्दल बोलतायत हे लेकरांना नाव न घेताही कळतं. आणि चांगुणाच्या आत काहीतरी हललं होतं. त्याला ती गेले पंधरा दिवस राग म्हणत आली होती.

वरीसभर. तिनं टाईप केलं: की, सदर मुलगी नामे गोतमी, वय वर्षे चार, हीस मी माझे घरी. खोडलं. मिळकतीचं वर्णन कसं नीट करता येतं! भूसंपादनाच्या नोटिसा तिनं शेकड्यांनी टाईप केल्या होत्या, जमिनीचा कसलाही तुकडा असो, त्याची चतुःसीमा लिहिली की तो जागचा हलत नाही. पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस नाला, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस सरकारी गायरान. लेकराची चतुःसीमा कशी लिहायची? झोपताना तिच्या पूर्वेस भिंत लागते, भिंतीला पाय लावल्याशिवाय तिला झोप येत नाही. पश्चिमेस मी. माझ्या पदराचं टोक तिच्या मुठीत, ते सोडवायचं तर एकेक बोट उघडावं लागतं, आणि पाचवं उघडेपर्यंत पहिलं पुन्हा मिटलेलं असतं. उशाला पाण्याचा तांब्या, तो दिसला पाहिजे, पाणी नसलं तरी चालेल. पायथ्याशी आजी. सकाळी बघावं तर सगळ्या हद्दी मोडून लेकरू आडवं झालेलं असतं, डोकं नाल्यात, म्हणजे माझ्या काखेत. हे सगळं कुठल्या कलमात घालू? मुदखेडच्या घरात भिंत कुठल्या अंगाला येईल? आणि माझ्या जागी, ज्या बाजूला मी असते त्या बाजूला, आता दुसरं माणूस असणार. लग्न म्हणजे शेवटी तेच की. तिनं मान झटकली आणि पुन्हा सरकारी भाषेत शिरली. सदर मुलीस कोणत्याही कारणाने अगर कितीही मुदतीसाठी आजोळी अगर अन्यत्र ठेवणार नाही. वाचून बघितलं. मग सुट्टीत मायकडं पाठवायचं झालं तर? 'सुट्टीचे दिवस वगळून' असं पुढं घातलं. पण सुट्टी वाढवता येते. आजारपणाची काढता येते. उद्या दुसरं लेकरू झालं, बाळंतपणात कोण बघणार हिला, म्हणून महिना, मग सवा महिना, मग पोरगी रुळलीच आहे तर कशाला हलवता. भिंतीला उंदरानं केलेलं भोक आधी पैशाएवढंच असतं. तिनं त्या शब्दांवर एकेक फुली मारली, इतकी दाबून की कागद दोन जागी फाटायला आला.

हे भोक तिनं बघितलेलं होतं. सात-आठ वर्षांची असताना उदगीरकडच्या एका लग्नात. मांडवात पंधरासोळा वर्षांची एक पोरगी पाणी वाढत फिरत होती, सावळी, उभट, डाव्या भुवईवर जुन्या जखमेचा वण. सगुणाबाई जेवत नव्हती. पानावरचा भात कालवत होती आणि त्या पोरीच्या टाचांकडं बघत होती. टाचा भेगाळलेल्या होत्या, त्यांत धूळ गेलेली. पोरगी त्यांच्यापुढं आली. "ओ बाई, पाणी घ्या," म्हणाली, परक्या बाईला म्हणतात तसं. सगुणाबाईनं पेला पुढं केला, प्याली, पुन्हा पुढं केला, पुन्हा प्याली. तीन पेले. हात धुवायला चांगुणा मांडवामागं गेली तर पोरगी तिथं उभी. तिनं चांगुणाची रिबीन बोटानं चाचपली आणि हळूच विचारलं, "तुझी माय झोपताना तुझ्या डोक्यावरनं हात फिरवती का?" चांगुणानं मान हलवली. पोरगी म्हणाली, "हाव?" आणि निघून गेली, एवढंच. परतताना बसमध्ये चांगुणानं विचारलं ती कोण. "देगलूरची हाय," माय म्हणाली. पुढं कळत गेलं, नातलगांच्या अर्ध्या वाक्यांतून, भांड्यांच्या आवाजाआडून: सरजा. मायच्या पहिल्या घरची. पहिला नवरा मेला, माय दुसऱ्या घरी गेली, आणि लेकरू त्या घरचं म्हणून तिथंच राहिलं. तेव्हा तशीच रीत होती. नंतर दीक्षा झाली, देव्हारे गेले, विधवेचा पाट हा शब्दही गेला, वडील म्हणायचे आपण आता जुनं सगळं टाकून दिलं. सरजा तेवढी देगलूरलाच राहिली. मायनं तिला कधी लेक म्हटलं नाही. देगलूरची, एवढंच तिचं नाव.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा टँकर येऊन गेला होता. बोळात चिखल झाला होता आणि त्या वर्षी चिखल दिसला तरी माणसाला बरं वाटायचं. गोतमी दारात बसून बाहुलीला कोरडीच आंघोळ घालत होती. "आई, हिचं पाणी संपलं," ती म्हणाली, तक्रार नव्हती त्यात. सगुणाबाई ताटात तूर निवडत होती. चांगुणानं पर्स खुंटीला लावताना गुंडाळी खाली पडली आणि म्हातारीनं ती उचलली. अक्षर येत नसलं तरी स्टँप तिला कळत होता.

"हे कशाचं?"

चांगुणानं सांगितलं. आधी चाचरत, मग भराभर, वकिलासमोर सांगावं तसं. देविदासनं लिहून द्यायचं, उद्या तो येणार आहे, सही घ्यायची, तरच लग्न.

सगुणाबाईनं एक खडा वेचून दाराबाहेर फेकला. "लिहून देईल का?"

"न दिलं तर न्हाई करायचं."

"अन् दिलं तर?"

"तर मग गोतमीला कुणी ठेवून घ्या म्हणणार न्हाई. तुझ्यासारखं व्हणार न्हाई माय. तुला त्या लोकांनी लेकरू सोडायला लावलं, तवा कागद असता तर..."

"कोण म्हणलं तुला, लोकांनी सोडायला लावलं म्हणून?"

तूर निवडणारी बोटं थांबली नव्हती. "रीत व्हती," चांगुणा म्हणाली.

"रीत व्हती. पर तुझा बाप रीत मानणारा न्हवता. गाडी जुपून देगलूरच्या वेशीवर आलता, म्हणला, पोरीलाबी घे. सासूबी काय अडवत न्हवती, तिला काय जड झालतं लेकरू." म्हातारी थांबली. बोळात कुणीतरी घागर घासत होतं. "सरजाला गोवर निघालता. रात रात किरकिरायची. मी अठरा वर्षांची. तिला खांद्यावर घेऊन घेऊन माझा हात ह्यो असा व्हायचा, मुंग्यांचा. मीच म्हणलं, वरीसभर ऱ्हाऊ द्या. घर बसूस्तोर."

"मग?"

"मग काय. तू झालीस."

चांगुणा तशीच उभी राहिली. तिला मायचा राग यायला हवा होता आणि तो येत नव्हता, त्याच्याऐवजी मुदखेडची ती दुपार येत होती, लाडूचा गुळमट वास, डब्यांची आपटाआपटी, आणि नागाबाईचं वाक्य. ते वाक्य कानावर पडलं त्या क्षणी आत जे हललं होतं त्याचं तोंड आता तिला दिसायला लागलं होतं, आणि बघायला नको म्हणून तिनं गोतमीला उचलून घेतलं, उगाचच, लेकरू ओरडलं, "बाहुली राहिली!"

रविवारी देविदास नांदेडच्या एसटीनं आला. बसस्टँडसमोरच्या हॉटेलात ते बसले. गोतमीला ती घेऊन आली होती, ठेवून यायला धीर झाला नाही. हॉटेलवाल्यानं फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, चहाबरोबर एक ग्लास पाणी. देविदासनं आपला ग्लास गोतमीपुढं सरकवला आणि तिच्यासाठी भजी मागवली. त्याच्या हाताला ग्रीसचा वास होता, कितीही धुतला तरी न जाणारा. चांगुणानं गुंडाळी टेबलावर ठेवली. शब्द जुळवले होते ते सगळे सुकले. "हे वाचा," एवढंच म्हणाली.

त्यानं आधी पाठ बघितली. मग हसला. "घरभाडं? कुणाला भाड्यानं ठेवून राहिलात, मला?"

"ते चुकून झालं."

"कचेरीतली माणसं चुकून लिहीत असतील तर आम्ही काय करावं बाई." पण पुढची बाजू वाचताना त्याचं हसू उतरत गेलं. तो ओठ हलवत वाचत होता. फुल्या मारलेल्या जागी थांबला, फुल्यांखालचं वाचायचा प्रयत्न केला, पुढं गेला. खिशातलं पेन काढलं. "कुठं करू सही?"

हे इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं, आणि सोपं झाल्यानं तिला धसकाच बसला. सही तर माणूस करून टाकतो. "तुमाला राग न्हाई आला?"

देविदासनं पेन टेबलावर आडवं ठेवलं. गोतमी भज्याची कडा कुरतडत होती. "राग कशाचा? माय बोलली तवा मी गप बसलो, हे तुमी बघितलंच की. घरी जाऊन लई इचार केला मी. बोलायला पायजे व्हतं. पर खरं सांगू का," तो टेबलाच्या भेगेत नख घालत म्हणाला, "मलाबी वाटलं व्हतं. वरीसभर असू द्यावं म्हणून. आपुन दोघंच. मला लेकराची सवय न्हाई, भेव वाटलं. आता तुमी लिवा म्हणता तर लिवतो, अन् पाळतो. पर वाटलं व्हतं हे लपवून सही करू का?"

आता चांगुणानं उठून जायला हवं होतं. तसं तिनं ठरवलंच होतं, तो असं काही म्हणाला तर गोतमीला उचलायचं आणि मागं बघायचं नाही. ती उठली नाही. ग्लासात घोटभरच पाणी होतं, ते तिनं पिऊन टाकलं. "मलाबी," ती म्हणाली.

"काय?"

"मलाबी वाटलं व्हतं. तुमची माय बोलली तवा." आवाज तिचाच होता पण लांबून येत होता. "आधी हलकं वाटलं. पिसासारखं. राग मागनं आला."

ती दोघं एकमेकांकडं बघत नव्हती. मधे भज्याची बशी होती, आणि बशीपलीकडं लेकरू, चारही बाजूंनी उघडं. चांगुणानं कागद आपल्याकडं ओढला. पेन त्याचंच घेतलं. 'लिहून घेणार' या शब्दांपुढचं आपलं नाव तिनं एका रेघेनं कापलं, नीट, सरळ, खाडाखोडीवर करतात तशी बाजूला आद्याक्षरं केली. ते नाव तिनं वर, देविदासच्या नावाखाली, 'लिहून देणार'मध्ये लिहिलं. 'देतो' खोडून 'देतो व देते' केलं. मग खाली रिकाम्या झालेल्या जागी लिहिलं, कुमारी गोतमी, वय वर्षे चार. धंदा, हा रकाना तिला सुचेना, तो तसाच ठेवला. पहिली सही तिनं केली. अक्कलहुशारीने. ती सही कचेरीतल्या सहीसारखी आलीच नाही.

देविदासनं आपली केली. फुंकर घातली. मग म्हणाला, "ह्यो कागद मी नेतो."

"कशाला?"

"मायला वाचून दाखवतो. नुसता गेलो तर मी परत गप बसून ऱ्हाईन तिच्यापुढं. कागद हातात असला तर बसता येणार न्हाई."

तिचा जीव उडाला. अस्सल प्रत, दुसरी नक्कल नाही, कार्बन लावायला घाबरली होती ती. अस्सल कागद पोच घेतल्याशिवाय कचेरीबाहेर सोडू नये हे ती शिपायांना शिकवायची. नागाबाईनं चुलीत घातला तर? यानं वाटेत खिडकीतून? महादेवप्पाच्या गल्लीतल्या बाईकडं निदान कोरा तरी कागद होता सोळा वर्षं, माझ्याकडं काय राहील? ती त्याच्या हाताकडं बघत राहिली. तो ओढत नव्हता. कागदाचं एक टोक धरून नुसता थांबला होता. तिनं आपलं टोक सोडलं.

गाडी दोनला सुटली. खिडकीतून त्यानं हात केला, गोतमीनं केला, चांगुणानं केला की नाही हे तिलाच आठवेना. धूळ खाली बसेपर्यंत ती उभी होती. मग गोतमी म्हणाली, पाय भाजतात, आणि तिनं तिला उचलून घेतलं. गांधी चौकापर्यंत येईस्तोवर लेकरू खांद्यावर झोपलं, झोपलं की ते दुप्पट जड होतं, तोंडातली लाळ आणि भज्याचं तेल तिच्या पोलक्यावर ओघळलं. ऊन मी म्हणत होतं. रस्त्यावर सावली नव्हती. डाव्या हाताला मुंग्या यायला लागल्या, आधी बोटांत, मग मनगटात, आणि तिला वाटलं, थोडं खाली ठेवावं. थोडंच. त्या पानटपरीपाशी, चार पावलं चालेल की पोरगी. ती थांबली. उजव्या हातानं तिनं लेकराच्या पाठीला आधार दिला, डोकं मानेवरून सांभाळून पलीकडं नेलं, डाव्या खांद्यावरचं ओझं उजव्या खांद्यावर घेतलं, आणि चालू लागली.